बादली घेऊन धावलेली मुलगी
(प्रस्तावना)

1905 सालच्या जूनअखेरची एक रात्र. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली झोपल्या होत्या. त्यांतली एक एकदम जागी झाली आणि तिच्यावर पवित्र आत्मा उतरला, असं पुढे सगळ्यांनी मानलं. पण त्या घटकेला शेजारच्या मुलीला दिसलं ते एवढंच, की हिच्या अंगाभोवती ज्वाळा आहेत. ती उठून पळाली, पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की ही जळत नाहीये. मुक्ती सदनात काम करणाऱ्या अमेरिकन मिनी एब्रम्स यांनी ही हकिकत लिहून ठेवली. जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव पहिलं घेतात. ते 1906 चं. केडगाव त्याच्या आधीचं. दौंड तालुक्यातल्या एका माळरानावरच्या त्या रात्रीचा उल्लेख म्हणून आजही इंग्रजी पुस्तकांत सापडतो, आणि प्रत्येक पुस्तकात तो ज्वाळेसाठीच केलेला असतो.

मला त्यात बादलीवाली आवडते. तिच्या श्रद्धेत काही खोट होती असं नाही. त्याच छपराखाली, त्याच प्रार्थना म्हणत ती राहत होती. पण मैत्रीण पेटलेली दिसल्यावर हे वरून आलंय की खालून, याचा विचार करत ती बसली नाही.

या पुस्तकाचा विषय ख्रिस्ती माणसाचा स्वर्ग. त्याच्याकडे शंकेनं पाहायचं ठरवलं तेव्हा ओळखीच्यांनी दोन बाजूंनी घेरलं. हिंदू मित्र म्हणाले, आधी आपलं वैकुंठ तपास. ख्रिस्ती मित्र म्हणाले, तुझा बाप्तिस्मा झालेला नाही, तुला ही उठाठेव कशाला? दोन्ही हरकती रास्त आहेत. पहिलीचं उत्तर असं, की देहूच्या तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनावर मराठीत पुष्कळांनी शंका घेतलेली आहे आणि त्या शंका मला पटतात. मग ज्या काट्यावर तुकोबांचं विमान तोललं, त्याच काट्यावर एलियाचा अग्निरथ आणि जैतुनांच्या डोंगरावरून येशूचं वर जाणंही तोललं पाहिजे. काटा बदलायचा नाही, एवढं पथ्य मी पाळलंय. दुसऱ्या हरकतीचं उत्तर म्हणजे दौंड. 1878 मध्ये मनमाडची लाइन येऊन मिळाली आणि दौंडचं जंक्शन झालं, तेव्हापासून या गावात गार्ड, ड्रायव्हर, फिटर म्हणून ख्रिस्ती माणसं राहत आली आहेत: अँग्लो-इंडियन, गोव्याकडची, आणि सगळ्यांत जास्त आमच्यासारखीच बोलणारी नगरकडची मराठी माणसं. आमच्या कॉलनीत त्यांच्या न् आमच्या घरात एकच भिंत होती. नाताळच्या करंज्या त्या भिंतीवरून यायच्या, दिवाळीच्या तिकडे जायच्या, आणि मयताच्या दिवशी दोन्हीकडे चूल बंद. त्या घरातलं माणूस 'प्रभूमध्ये झोपी गेलं' म्हणजे नेमकं कुठं गेलं, हा प्रश्न मला आठव्या वर्षी पडला. उठाठेव ती तेव्हापासूनची आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण मराठीत हा स्वर्ग आधी शब्दांतूनच आला. 1616 साली फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण छापलं. जन्मानं इंग्रज, कर्मभूमी गोवा, भाषा मराठी आणि घाट ओवीचा. स्वर्गासाठी त्यानं जो शब्द घेतला तो 'वैकुंठ'. विष्णूचं घर रिकामं न करताच त्यात नवा मालक आणून बसवला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी बायबलचं मराठी केलं. त्यांना वैकुंठ नको होतं, म्हणून 'स्वर्ग' रूढ झाला. पण आपल्याकडचा स्वर्ग म्हणजे भाड्याची खोली. पुण्य सरलं की सामान उचलायचं आणि पुन्हा जन्माला यायचं. ख्रिस्ती स्वर्ग तर कायमचा! म्हणून सोबत 'सार्वकालिक जीवन' ही जोडगोळी आली. त्यातही गोची अशी, की हिब्रूत शामायिम आणि ग्रीकमध्ये ऊरानोस हे शब्द आभाळ आणि स्वर्ग या दोन्ही अर्थांनी चालतात. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी एक निवडावा लागतो. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात तो 'आकाश' लिहितो आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'स्वर्ग'. पाऊस पडतो ते आभाळ आणि पिता राहतो तो स्वर्ग ही आपल्याला वेगळी ठिकाणं वाटतात. मूळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच निळं छत होतं, आणि देव खरोखर त्याच्या वर होता. दुर्बीण आल्यावर जी अडचण झाली ती या छताची. ती अडचण मराठी वाचकाला जाणवत नाही, कारण भाषांतरकारानं ती आधीच मिटवून ठेवलेली आहे.

बायबल उघडून स्वर्ग शोधायला बसलं की पहिला धक्का हा, की जुन्या करारात तो जवळजवळ नाहीच. मेलेला माणूस, बरा असो वा वाईट, शिओलात जातो: अंधारी, मुकी जागा. उपदेशकाच्या पुस्तकात तर मेलेल्यांना काही कळतच नाही असं स्वच्छ लिहिलंय. मेलेले उठतील हे स्पष्टपणे येतं ते दानिएलाच्या शेवटच्या अध्यायात, म्हणजे फार उशिरा. येशूच्या काळात यरुशलेमच्या मंदिरावर ज्यांची सत्ता होती ते सदूकी हे पुनरुत्थान मानतच नव्हते. ख्रिस्ती स्वर्गावरचे पहिले शंकेखोर ते. नव्या करारातही एकवाक्यता नाही. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरच्या चोराला आजच्या आज सुखलोक मिळतो. पौलाच्या पत्रात मेलेले झोपून आहेत आणि कर्णा वाजल्यावर उठणार आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात पित्याच्या घरी पुष्कळ खोल्या आहेत. प्रकटीकरणात तर माणसं वर जातच नाहीत, अख्खं नगरच खाली येतं, आणि त्याचं मापही दिलंय: लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी 12,000 स्टेडिया, म्हणजे साधारण 2200 किलोमीटर. दौंडवरून सरळ रेषेत गुवाहाटी गाठली तरी ती भिंत मागे पडणार नाही. उंचीही तेवढीच; आज डोक्यावरून फिरणारं अंतराळ स्थानक त्याच्या पाचव्या हिश्श्यावरही पोचत नाही. हे प्रतीक आहे, मापं घेऊ नका, असं पाळकसाहेब म्हणतात. मान्य. पण मग बाकीचंही प्रतीक की काय, असं विचारलं की चहा येतो.

सदूक्यांनी येशूला एक कोडं घातलं होतं. सात भाऊ. थोरला मूल न होता मेला, तेव्हा चालीप्रमाणे त्याची बायको दुसऱ्याला दिली, तोही मेला, मग तिसऱ्याला, असं सातव्यापर्यंत. शेवटी बाईही मेली. मेलेले उठतील तेव्हा ती कुणाची बायको? येशूनं सांगितलं, तिथं कुणी लग्न करत नाही, लावून देत नाही. युरोपातल्या भाष्यकारांना हे उत्तर जरा कोरडं वाटत आलं आहे. वियोगात होरपळलेल्या नवराबायकोंना त्यात दिलासा नाही. पण हाच उतारा केडगावात वाचून बघा. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 मध्ये गुजरातेतून आणल्या, आणि मुक्ती सदनातली संख्या 2000च्या घरात गेली. त्यांत कितीतरी बालविधवा. ज्या समाजातून त्या आल्या तिथं बाई वडाला दोरा गुंडाळून जन्मोजन्मी हाच नवरा मागते. आणि ज्याचं तोंडही नीट आठवत नाही, त्या नवऱ्याच्या नावानं हिचं डोकं भादरलेलं. त्या मुलीला कुणीतरी सांगितलं, की वर गेल्यावर कुणीच कुणाची बायको नसतं. या स्वर्गात सोन्याचे रस्ते नसते तरी चाललं असतं, असं मला वाटतं. सदूक्यांच्या कोड्यातल्या त्या बाईला मात्र कुणी काही विचारलं नाही, हेही इथं नोंदवून ठेवतो.

इथं मी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे चाचपडावं लागणार नाही. स्वर्ग आहे की नाही, हा वाद मला फारसा चालवायचा नाही. पुरावा नाही, आणि नसण्याचा पुरावा देणं कुणालाच शक्य नाही. दोन पानांत आटपतं ते. स्वर्गातल्या सुखांची टिंगल करण्यातही रस नाही. भुकेल्यानं मेजवानीचं स्वप्न पाहिलं तर हसायचं काय त्यात? माझी शंका आहे ती दारावर. ख्रिस्ती शिकवणुकीत स्वर्गाला दार आहे, दाराला अट आहे, आणि ती अट न पाळणारा बाहेर राहतो. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावावरचं एक श्रद्धासूत्र आहे. त्रैक्याचा सिद्धांत जो जसाच्या तसा मानणार नाही त्याचा कायमचा नाश होईल, असं ते सुरुवातीला बजावतं आणि शेवटी पुन्हा बजावतं. माझं म्हणणं असं, की भीमा आणि घोडनदीच्या काठच्या माणसांनी, बाप्तिस्मा झालेल्यांनीसुद्धा, हे दार मनापासून कधी बंद केलंच नाही.

रमाबाईंचंच घ्या. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पाठोपाठ तिथल्या सिस्टर जेराल्डीनबरोबर पत्रांतून खडाजंगी सुरू झाली. त्रैक्यावर, येशूच्या ईश्वरत्वावर, चर्चच्या अधिकारावर. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं घेण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट कळवलं. ही पत्रं आता छापलेली आहेत. ख्रिस्ती धर्मावर शंका कशी घ्यावी हे शिकायचं असेल तर व्हॉल्टेअरच्या आधी ती वाचावीत, असं मी म्हणेन. पुढे रमाबाईंची श्रद्धा पक्की झाली, इतकी की पुण्यातल्या सुधारकांशी त्यांचं फाटलं. पण एक गाठ उरलीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे. 1874 च्या दुष्काळात, सगळी तीर्थं पायी करून झाल्यावर, खायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी पवित्र तळ्यात देह टाकायचं ठरवलं होतं. ते टळलं, पण ते फार दिवस जगले नाहीत. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. शिकवणुकीप्रमाणे ही तिन्ही माणसं कुठं? रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष लिहिली. तीत वडिलांचा शेवटचा निरोप येतो आणि वडील त्या अज्ञात देवाचीच मनोभावे सेवा करत होते, अशा आशयाचं वाक्य येतं. अज्ञात देव ही सोय पौलानं अथेन्समध्ये करून ठेवलेली होती. लेकीनं ती शास्त्रीबुवांसाठी वापरली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या बाईला नियम ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल?

चर्चलाही हे दार जड जातंच. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या तान्ह्या मुलांचं काय, यावर कॅथलिक पंडितांनी शतकानुशतकं 'लिंबो' नावाच्या एका उंबऱ्यावर वेळ काढला: स्वर्ग नाही, यातनाही नाहीत. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं सांगितलं, की ती मुलं तरतील अशी आशा बाळगायला जागा आहे. त्याआधी, 21 जुलै 1999 ला, पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले होते की स्वर्ग म्हणजे ढगांतली जागा नसून देवाशी असलेलं जिवंत नातं. इंग्लंडचे माजी बिशप एन. टी. राइट तर असंच मांडतात, की मेल्यावर आत्मा वर कायमचा राहायला जातो हे बायबल सांगतच नाही. ते नव्या पृथ्वीबद्दल बोलतं. हे सगळे विद्वान प्रामाणिक आहेत. तरी शंकेखोराला इथं थोडं चिडायला होतं. आपण पत्ता शोधत त्या गल्लीत पोचावं आणि घर कधीच दुसरीकडे हललंय असं कळावं, तसं होतं. आणि दफनभूमीत अजून जुनाच पत्ता वाचला जातो.

आमच्या भिंतीपलीकडची आजी. तिचा बाप्तिस्मा लहानपणी, बापाबरोबर झालेला. आईनं घेतला नाही. ती माहेरच्या देवाला धरून राहिली आणि तशीच गेली. आजी रविवारी उपासनेला जायची, चष्मा लावून गीतं म्हणायची. शेवटच्या आजारात पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, वर कोण कोण भेटेल हे ते सांगू लागले. मी उंबऱ्यात उभा होतो. आजी म्हणाली, "आन् माजी आय?" पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, देवाची दया मोठी आहे. आजीला तेवढ्यानं भागलं नाही. "मोठी हाय तर आसंल तितं. नसली तर म्या दारातच बसंन. ती आल्याबिगर आत जायची न्हाय." पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. कुत्र्याला सोडून स्वर्गात शिरायला नकार देणारा धर्मराज तिला माहीत असावा. तिची आई पांडवप्रतापाची पोथी ऐकायची, हे तीच सांगायची.

दाराचा उलटा किस्सा शिरूरचा. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. तिथं 1809 मध्ये कर्नल विल्यम वॉलेस वारला. असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढलेला माणूस. त्याची कबर शिरूरला आहे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे, की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक याला 'सत्पुरुष' म्हणून पूजतात, कबरीपुढे धूप जाळतात आणि सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य आणतात. म्हणजे ज्याला त्याच्या धर्माप्रमाणे वर जायचं होतं, त्याला शिरूरकरांनी जाऊच दिलं नाही. शेतावर लक्ष ठेवायला इथंच ठेवून घेतलं. याच शिरूरला पुढे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. मिशनऱ्यानं वेशीबाहेर स्वर्गाचा उपदेश करावा आणि ऐकणाऱ्यानं घरी जाताना ख्रिस्ती कर्नलाला बाजरीचं कणीस वाहावं, हे चित्र मला कुठल्याही वादविवादापेक्षा बोलकं वाटतं. वादविवाद तर पुष्कळ झाले. 1831 मध्ये मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन भिडले, 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी भिडले, आणि दोन्ही वेळा दोन्ही पक्ष जिंकले.

उलटा प्रवासही झाला. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेला हिंदू म्हणून गेली, हिंदू म्हणून परतली, 1887 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात वारली. तिच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनाच्या जागेत आहेत. 'मावशी' म्हणवणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपल्या माणसांत तिला जागा दिली. बाप्तिस्म्याचा दाखला तिथं कुणी मागितला नाही.

श्रद्धेनं कुणाला बळ मिळत असेल तर ते हिरावून घेणारं हे पुस्तक नाही. केडगावला गाडीतून उतरलं की एका अंगाला मुक्ती मिशन आणि दुसरीकडे नारायण महाराजांचं बेट, दत्ताचं देऊळ. दोन्हीकडे जाणारी माणसं मी पाहतो आणि त्यांच्यात फरक करणं मला दिवसेंदिवस अवघड जातंय. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकू येईनासं झालं होतं. नवरा, भाऊ, आई, वडील, मुलगी, सगळी पलीकडे. ज्या बाईला स्वर्गाची इतकी खात्री, तिला थांबायला काय होतं? चरित्रकार सांगतात की बायबलच्या भाषांतराची शेवटची प्रुफं तपासायची राहिली होती, म्हणून त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले. प्रुफं झाली आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात, बायकांनीच खिळे जुळवून, 1924 मध्ये पुरं छापून झालं. त्या दहा दिवसांवर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे.

आभार मानायचे ते थोडक्यात. शिरूरच्या एका निवृत्त मास्तरांनी उन्हातान्हात सोबत केली. भिंतीपलीकडच्या घरानं आजीबद्दल लिहू दिलं. आणि नगरकडच्या एका वयोवृद्ध पाळकांनी, माझं म्हणणं मुळीच पटत नसताना, सगळं हस्तलिखित वाचून वचनांचे तीन चुकलेले आकडे सुधारून दिले. पहिल्या पानावर, बादलीच्या हकिकतीशेजारी, त्यांनी पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय: 'बादलीत पाणी होतं का, ते तपासा.'

तपासलं. भरलेली होती.

दौंड